गड्डा कधी धरणार?

झोप नाही हो, डोळ्याला डोळा नाही, आणि कशापायी म्हणाल तर भाजीपायी... हसा, खुशाल हसा. पण तुमची चार वर्षांची पोरगी नुसत्या केळ्यांवर जगायला लागली, दुसरं काही पुढे केलं की ओठांना कुलूप, आणि डॉक्टर चष्म्यावरून बघत म्हणाले, 'शिकलेल्या ना तुम्ही? पालेभाजी द्या,' म्हणजे मग विचारीन झोप कशी लागते ते!

आमच्या वरणगावच्या फॅक्टरी क्वार्टरांत शेजारी कौलबाई होत्या, काश्मीरच्या. त्यांच्या मुलाचे गाल असे लाल, की मला माझ्या कुंदाकडे बघवेना. का लाल, तर ते रोज 'हाक' नावाची पालेभाजी खातात. कोबीचाच भाऊबंद. दिवाळीत त्यांची बदली झाली, तर जाताना रोपं देऊन गेल्या आणि टांग्यात बसता बसता सांगितलं काय, तर 'पानं खायची.' आता कोबीची काय मुळं खातात? मी आपली गड्ड्याची वाट बघत बसले.

तुम्हाला सांगते, शेणखत घातलं, तांदळाचं धुवण घातलं, माव्याच्या किडीवर राख भुरभुरली. पावडर मारली असती तर ती पोरीच्याच पोटात जायची, म्हणून ओल्या फडक्यानं एकेक पान पुसत बसले, पोरीचं नाक राहिलं पुसायचं. पानं झाली सुपाएवढी. कौतुक? नाव नको. आमचा दूधवाला सुपडू, पारोळ्याकडचा, माप राहिलं हातात नि नजर कुंपणापलीकडे, 'बाई, बठ्ठा पालाच शे... गड्डा कव्हय धरी?' हे पेपराआडून, 'धरला का गड्डा?' कुंदासुद्धा उठल्या उठल्या, 'आई, गड्डा?'

त्यात सासूबाई आल्या. रावेरच्या, सगळा जन्म केळीच्या बागेत गेलेला. वाफ्याला एक फेरी मारली नि म्हणाल्या, 'असा कव्हा गड्डा धरीन वं? याले बांधा लागते.' झालं! केळीच्या खोडाचं वाळकं सोपट भिजवून एकेका रोपाची पानं वर गोळा करून आवळली, शेंडी बांधावी तशी. मी बी.ए., मी काय केलं? सोपट धरायला मदत केली. म्हटलं फुलकोबीची पानं बांधतात, मग हिची का नाही?

संक्रांतीला सोडून बघितलं. आत गड्डा कुठला... माव्याची वसाहत. बाहेरची पानं तेवढी धडकी, चपलेच्या तळासारखी. सासूबाई म्हणाल्या, बियाणंच खोटं.

तरी मी हरते का? ती पानं धुतली, चिरली, लसूण-मिरची, शेंगदाण्याचं कूट घातलं, शिजवली, परत शिजवली आणि कुंदापुढे भाकरीशी वाढली. 'खा राणी, गाल लाल होतात.' कुलूप. मग कुलूप जरासं उघडून, 'आधी तू.'

तेव्हा लक्षात आलं बघा, दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत या घरात ती भाजी कुणी चाखलीच नव्हती! भरला मोठा घास. चावतेय... चावतेय... 'मस्त' म्हणायचं तर तोंड मोकळं पाहिजे ना? गिळवेना, थुंकायची सोय नाही, पोरगी टक लावून बघतेय, म्हणून घास सारला एका गालात आणि हसले.

कुंदानं शांतपणे केळं सोललं, एक घास खाल्ला आणि आत हाक मारली,

'आजी, ये लवकर, गड्डा धरला. आईच्या गालात.'