बंद गुऱ्हाळातला केरबा

ऐका. पन आधी तोंडातला घास गिळा, आन हातातला गूळ खाली ठेवा. ही गोष्ट खात खात ऐकायची न्हाई. मागच्या हंगामाला ह्या सुभद्रानं खात खात ऐकली, आन सगळं माज्या धोतरावर वकली. ठेवला? बरं. रसाची काहील उतराय अजून येळ हाय, तवर सांगतो.

माजा बाप केरबा गुळव्या, आमी त्याला आप्पा म्हनायचो. रसावरची मळी कवा काढायची, जाळ कवा कमी करायचा, काहील कवा उतरायची, हे सांगनारा त्यो गुळव्या. पंचक्रोशीत आप्पासारखा दुसरा न्हवता. पन तोंड! कायम कडू. दुसऱ्याचा गूळ जिभंवर ठिवायचा आन मालकासमोरच थुकायचा. "गुरांना घाला," म्हनायचा. आन माजा? माजा तर रोज थुकायचा. बावीस वर्सं मी त्याच्या हाताखाली काढली. बावीस! एकदा तरी म्हनावं मानसानं, सिदा, जमलं रं. न्हाई म्हंजे न्हाई.

पाक आला का बघायला थेंब आधी गार पान्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची, मगच चाखायचं. ही त्याची शिस्त. एकदा मी पान्याबिगर बोट चाटाय गेलो, तर पळीचा दांडा असा हानला मनगटावर की चार दिस भाकरी मोडता आली न्हाई.

त्यो गेला तवा मी रडलो न्हाई. खोटं कशाला बोलू? सुटलो म्हनलं.

आता ऐका. त्याला जाऊन वरीस भरत आलं व्हतं. दुसऱ्या दिशी वर्सश्राद्ध. मी पल्याडच्या वाडीला गुळव्या म्हनून लागलो व्हतो, आन माज्या काहिलीचा गूळ फडक्यात बांधून घेतला, आप्पाच्या पानावर ठिवायला. निघाय उशीर झाला. दिवस बुडाला. गाडीवाटंनं गेलो तर दोन कोस, ओढ्याकाठनं गेलो तर एक. म्हनलं, चला ओढ्याकाठनं. अक्कल बघा माजी!

त्या ओढ्याकाठी एक जुनं गुऱ्हाळ. बारा वर्सं बंद. का बंद? तिथं एक मानूस उकळत्या काहिलीत पडून मेला. मेला त्यो मेला, पन मालकानं पाक फेकला न्हाई. गाळला, गार कराय वाफ्यात वतला, ढेपा पाडल्या, आन बाजारात धाडल्या. लोकांनी खाल्ल्या! पोरींनो, सनाच्या पोळ्या केल्या त्याच्या. शी! आक्थू!

तर मी चाललोय. चाललोय. आन वास आला. रस उकळायचा वास, गोड, दाट. म्हनलं, हितं कुठलं गुऱ्हाळ? बारा वर्सं हितं चिपाड पेटलं न्हाई! पाय उचलला भराभरा. तर खोकला ऐकू आला. खर्र... खर्र... आप्पाचा खोकला. मी जागच्या जागी थिजलो.

"सिदा."

वळू नये मागं, मला काय ठावं न्हाई? पन बापाची हाक हो. पाय आपसूक वळला.

चुलवान पेटलेलं. जाळ हाय, धूर न्हाई! काहिलीत पाक रटरटतोय, आन आप्पा पाठमोरा बसलाय. तेच डोक्याचं मुंडासं, तीच पाठ. "काय बांधलंय फडक्यात?" म्हनला. मी लहान पोरागत पुढं केलं. त्यानं खडा तोडला, तोंडात घातला. मी वाट बघतोय. आता थुकंल, आता थुकंल.

थुकला न्हाई. "जमलं रं सिदा," म्हनला. "माज्यापरीस चांगला केलास."

हसू नका गं. माज्या डोळ्याला धार लागली. तिथंच मातीत फतकल मारली आन ढसाढसा रडलो. जे आप्पा गेल्यावर जमलं न्हाई, ते त्या घानीत बसून जमलं. त्यानं पळीभर पाक काढला, माज्यापुढं धरला. "आता माजा चाख. आन हितंच ऱ्हा, दोघं मिळून काहील लावू." मला वाटलं, ऱ्हावं. बायकू न्हाई आठवली, लेकरं न्हाई आठवली. ऱ्हावं वाटलं.

बोट बुडवलं. तोंडाकडं न्यायचं, तर हात गेला बाजूच्या पान्याच्या भांड्याकडं! मी नेला न्हाई. बावीस वर्सांची खोड, हात गेला. थेंब पान्यात पडला.

गोळी वळली न्हाई. थेंब उकलला. केस निघालं त्यातनं, लांब लांब. नखं निघाली. कातडीचा पापुद्रा तरंगला, आन त्याच्याखाली पांढऱ्या अळ्या वळवळाय लागल्या. वास पालटला, मेलेलं जनावर उनात फुगल्यावर येतो तसला. आवं, हेच मी चाटनार व्हतो! ह्या जिभंनं!

"पान्यात कशाला घातलंस?" त्ये म्हनलं. आता आवाज आप्पाचा न्हवता. वळलं. तोंड न्हवतंच. उकडून सुटलेलं मांस, हनुवटीवरनं पाक गळतोय, आन त्यात माज्या गुळाचा खडा चिकटलेला. "चाख! चाख की!"

उठलो आन पळालो. मागनं पळी भिरकावली त्यानं, पाक पडला पायावर. तार धरली! पळतोय तशी तार लांबतीय, तुटत न्हाई, मागं वढतीय. पडलो. उठलो. पुन्ना पडलो. नखांनी माती उकरत गाडीवाट गाठली. गावचा बाळकू उसाची गाडी घिऊन चालला व्हता, बैल फुरफुरून थांबलं. त्यानं मला बगलंला धरून वर वढला, तवा कुठं तार तुटली. तुटताना पोटरीची साल घिऊन गेली. कंदील धरला बाळकूनं. "सिदूदादा, पायाला काय हाय ह्ये?" म्हनला, आन चाकापाशी वाकून वकला बिचारा.

नऊ दिस पाय धुतला. माती लावली, राख लावली, वास जाईना. वर्सश्राद्धाच्या पानावर गूळ ठिवलाच न्हाई. कुठल्या तोंडानं ठिवू? बाप वळखता आला न्हाई मला! बावीस वर्सं ज्याच्याजवळ बसलो, त्यो गोड बोलनारा न्हवता, येवढं तरी कळाय पायजे व्हतं का न्हाई?

म्हनून सांगतो, त्या ओढ्याकाठच्या वाटंनं जाऊ नका. दिवसा न्हाई, रातीला न्हाई, गडबड असंल तरी न्हाई. भ्याव वाटंल म्हनून सांगत न्हाई. भ्यालेला मानूस पळतो तरी.

आन आता ऐका, हे घरात कुनाला सांगितलं न्हाई. त्या रातीनंतर तीनदा गेलोय मी त्या गुऱ्हाळाच्या वळनापातूर. समदं ठावं असून. केस, नखं, अळ्या, समदं डोळ्यानं बघून. उभा ऱ्हायलो, कान दिऊन. परत एकदा "जमलं रं" म्हनतंय का म्हनून. थू माज्या जिनगानीवर! मेलेल्याचं मांस गळतंय, आन मी त्याच्या तोंडनं शाबासकी मागतोय.

तर पोरींनो, मी कवा तिन्हीसांजंला त्या अंगाला निघालेला दिसलो, तर इचारत बसू नका. हाताला धरा आन वढत घरी आना.