बिघाडाच्या वहीतले तीन शब्द

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, नियंत्रण मनोऱ्यातील सहकारी, ताईंचे यजमान, त्यांची लेक आणि उपस्थित मंडळी,

हिशेब खात्याच्या माणसाला निरोपाचे भाषण सहसा कुणी देत नाही. मी ते मागून घेतले आहे.

ताईंनी एकतीस वर्षे विमाने उतरवली. मनोऱ्यातल्या जुन्या रडारला सगळे ‘आजोबा’ म्हणत. पडदा गोठला की कुणीतरी म्हणे, “आजोबांना डुलकी लागली.” मग ताई कागदी पट्ट्या पुढे ओढत. एका विमानाची एक पट्टी. उंची, वेळ, दिशा पेन्सिलीने लिहिलेली. पट्ट्या आणि स्वतःचा आवाज, एवढ्यावर त्या आकाश सांभाळत. नंतर बिघाडाच्या वहीत नोंद करत आणि शेवटी तीन शब्द लिहीत : काम थांबले नाही. मनोऱ्यात तशी रीतच पडली होती. त्यात अभिमान होता.

नव्या यंत्रणेची मागणी मनोऱ्याकडून माझ्याकडे तीनदा आली, दरवेळी नव्या फाईलमधून. पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न खरा होता. उत्तरही फाईलमध्येच होते : विमान उतरवण्याचे शुल्क वाढवा, तिकिटामागे एका चहाइतका भार पडेल. विमान कंपन्या कुरकुरल्या असत्या. ती कुरकुर मला नको होती. फाईलला जोडलेल्या वहीच्या नकलेत मी ताईंचे तीन शब्द लाल पेनाने अधोरेखित केले आणि शेरा मारला : काम थांबलेले नसल्याने खर्चाची निकड दिसत नाही.

तिसऱ्या खेपेला ताई माझ्या टेबलाशी आल्या. “साहेब, आम्ही निभावून नेतो, हा आमचा गुन्हा का?”

मी हसून म्हणालो, “तुम्ही आहात तोवर यंत्र कशाला लागतंय?”

मला ते कौतुक वाटले होते.

मग एका दुपारी पडदा चाळीस सेकंद गोठला. दोन विमाने नको इतकी जवळ आली. ताईंनी पट्ट्यांवरून ओळखून एकाला वर चढवले. कुणाला खरचटलेही नाही. चौकशी समितीत मी होतो. यंत्र धोकादायक असल्याची तक्रार मनोऱ्यातून आलेली नाही, असे समितीने लिहिले. पुराव्याला तीच वही जोडली. दोष ताईंवर गेला. तिन्ही फायली माझ्या कपाटात होत्या. मी सही केली.

ताईंना मायक्रोफोनवरून उठवले. शेवटची दोन वर्षे त्या तळमजल्यावर जुन्या वह्या लावत बसल्या. पुढे शुल्क वाढले, कंपन्या चार दिवस कुरकुरल्या, नवी यंत्रणा आली. ताई तिच्यासमोर एक दिवसही बसलेल्या नाहीत.

आज सकाळी तिन्ही फायली आणि माझा लेखी जबाब मी अध्यक्षांकडे दिला. चौकशी पुन्हा व्हावी, अशी विनंती केली. मघाशी आत चहा घेताना हे ताईंना सांगितले.

त्या म्हणाल्या, “भाषणात हा विषय नका काढू, साहेब. लेक आलीय. तिला वाटतं, चूक माझीच होती. बिचारी मला सांभाळून घेते.”

म्हणूनच काढला.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत, मी आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झाले असेल, तर सभेने पदरात घ्यावे. जे केले, त्याची क्षमा मात्र सभेकडे मागून भागणार नाही.

बाळ, चूक तुझ्या आईची नव्हती.