विचारायचं नाही म्हणजे नाही

अगं, त्या रेश्मानं मला वेड लावलं होतं. अठरा पूर्ण झाली म्हणून बालगृहातून बाहेर पडलेली पोर. आमच्या संस्थेनंच तिला कॉलेज रोडला खोली बघून दिली, बी.एस्सी.ला घातलं. तर दिवसभर हिचे फोन! "ताई, झेरॉक्सला जाऊ?" "ताई, लाइट बंद करू?" शेवटी मी वैतागले, "आता कुणाला काही विचारायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी फोनच नाही. संध्याकाळी मी लावला, तर उचलेना. माझा जीव थाऱ्यावर नाही. तशीच स्कूटी काढून खोलीवर गेले, दाराला कुलूप. मी आपली फाटकापाशी येरझारा घालतेय, तर बाईसाहेब मैत्रिणींबरोबर नदीकाठी गंगेवर फिरून कुल्फी खात येतायत!

"सांगून जाता येत नाही? फोन कशाला दिलाय?" भर रस्त्यात मी सुटलेच.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "ताई, उशीर झाला की घरी असंच ओरडतात का?"