चाळीसचं लॉक

सुगत : तिसऱ्यांदा, आरतीताई. एका महिन्यात तिसऱ्यांदा. माये सासरेही एवढ्या बाऱ्या येत नाईत.

आरती : मले काय हौस हाय का, सुगतभाऊ? एक्सलेटरची मूठ फिरवली का फिरते, पण सोडली का वापस येत नाई. मंग गाडी तिच्या मनानं पळते.

चंद्रभान : कार्बोरेटर. म्या पयलेच सांगतलं होतं. सव्वीस वर्षं कॉलेजची बस चालवली, मले आवाजावरून समजते. कार्बोरेटर धू आन पोरीले मोकळं कर.

सुगत : काका, मांगच्या बारीत कार्बोरेटर धुतला. त्याच्या आधीच्या बारीत त्याची स्प्रिंग नवी टाकली. आता या गाडीत बदलाची एक मालकीणच रायली.

आरती : बदल. या उन्हात मी तयार हाय.

चंद्रभान : गाडीच चुकीची. अख्ख्या दर्यापुरात कोण्या पोरीनं डर्ट बाईक घेतली का? एवढी उंच, का बसाले शिडी लागते. मडगार्ड पाह्य कुठी हाय. चाक मुंबईले आन मडगार्ड दिल्लीले.

आरती : बाबा, धारणीच्या पुढं माया चौदा वस्त्या. त्यातल्या सातायले रस्ता नाई. पावसाळ्यात नाला आन उन्हाळ्यात त्याच नाल्यातले गोटे. स्कुटी घेतली असती तं तिले मीच खांद्यावर घेऊन गेली असती.

सुगत : आन मांग डब्यात काय बांधलं?

आरती : बकऱ्यायची लस. बर्फात हाय. अडीचपर्यंत निघाली नाई तं बर्फाचं पाणी. उद्या सकाळी सातले दोनशे बकऱ्या उभ्या रायतात. लाइनीत, माणसापेक्षा शिस्तीत.

सुगत : मंग आज मूठच खोलून पायतो.

चंद्रभान : मूठ नको खोलू.

सुगत : काऊन?

चंद्रभान : म्या स्वतः खोलून तेल देल्लं तिले. एकदम मक्खन हाय आत.

सुगत : दोन्ही बाऱ्या तुमी हेच सांगतलं. वडीलधाऱ्याचा शब्द म्हणून म्या हात लावला नाई. आता थे मक्खन पायतो कसं हाय.

चंद्रभान : अरे स्क्रू झिजन ना उगाच! चहा सांगू का? अर्धा अर्धा घेऊ.

सुगत : सांगा. चहा आपल्या जागी, स्क्रू आपल्या जागी.

आरती : बाबा, तुमाले घाम काऊन आला एवढा?

चंद्रभान : एप्रिल हाय. कोणाले नाई आला? आन मी म्हणतो, एवढं मोठं काय झालं? थोडीशी अडकते, मंग सुटते. सवय झाली का काई वाटत नाई. आमच्या बसचा तिसरा गिअर अकरा वर्षं पडत नव्हता. आमी चौथ्याशी संसार केला.

आरती : थोडीशी नाई अडकत, बाबा.

चंद्रभान : मंग किती अडकते?

आरती : मी तुमाले सांगणार नव्हती. मांगच्या मंगळवारी सेमाडोहच्या पुढं, वळणाच्या आधी मूठ सोडली. म्या सोडली, गाडीनं नाई सोडली. ब्रेक दाबून रायली, इंजिन वरडून रायलं. शेवटी बटन दाबून इंजिन बंद केलं, तरी झुडपात घुसलीच. थे झुडूप होतं म्हणून अडकली. त्याच्या खाली काय हाय, मले माईत नाई. म्या वाकून पाह्यलं नाई.

चंद्रभान : तू तं म्हणे, बकरी धरतानी हाताले खरचटलं.

आरती : बकरीले काटे असतात का, बाबा?

(चंद्रभान उठतात. कुठे जायचं ते न सुचून पुन्हा त्याच स्टुलावर बसतात.)

चंद्रभान : सुगत, खोल थे.

सुगत : खोललं काका. तुमी गिअरचं सांगून रायले होते तवाच खोललं.

आरती : काय निघालं?

सुगत : सायकलच्या ट्यूबचा तुकडा. कात्रीनं मस्त गोलाईत कापला. पंक्चरच्या सोल्युशननं चिपकवला. हे कंपनीचं काम नोय, ताई. कंपनीत एवढं मन लावून कोणी करत नाई.

आरती : पण तेथं तुकड्याचं काय काम?

सुगत : मूठ इतकीच फिरावी, पुढं जाऊ नये. मंजे गाडी चाळीसच्या वर नाई जात. डोकं चांगलं लावलं, खोटं काऊन बोलू? पण पंचेचाळीस डिग्रीत सोल्युशनचा पाक झाला, तुकडा सरकला आन मुठीखाली जाऊन बसला. मंग मूठ जेथं हाय तेथंच. चाळीसच्या वर जाऊ नये म्हणून लावलं, आन चाळीसच्या खाली येऊ देत नाई.

आरती : कोणं लावलं?

सुगत : ताई, मी मेकॅनिक हाओ. पोलीस नाई.

चंद्रभान : बसले लॉक होतं. स्पीड लॉक. सव्वीस वर्षं पोट्टे मले कासव म्हणत. मांगच्या सीटवरून म्हणत, म्होरच्या आरशात मले दिसत. म्हणू देल्लं. एका पोराले खरचटलं नाई कधी. मले वाटलं, बसले चालते तं...

आरती : मले लॉक लावलं तुमी.

चंद्रभान : गाडीले लावलं.

आरती : विचाराचं तरी.

चंद्रभान : तू हो म्हटलं असतं?

आरती : नाई.

चंद्रभान : मंग.

आरती : मले वाटे वजन जास्त होते म्हणून गाडी पळत नाई. लस कमी करता येत नाई. म्हणून तुमी बांधून देल्लेला जेवणाचा डबा मी निंगतानी गावाच्या नाक्यावरच कोणाले देऊन टाकत होती. तीन हप्ते झाले, डबा घरी आला नाई, तुमच्या ध्यानात आलं का?

चंद्रभान : मले वाटलं तुले माया हातचं आवडत नाई.

आरती : थेही हाय. भाजी खारट असते.

चंद्रभान : तुयी माय गेल्यापासून अंदाज येत नाई मले.

सुगत : चहा आला. घ्या. थंडा झाला का समजते, याच्यात अद्रकच नाई.

चंद्रभान : वरडत काऊन नाईस, आरती? वरड ना दोन शब्द.

आरती : मले वरडाची ताकद नाई, बाबा. सात नाले ओलांडाचे हायत. वरडणं शनिवारी वापस आल्यावर करतो.

चंद्रभान : शनिवारी येतं ना?

आरती : गाडी सोडन तं येईन.

सुगत : सोडते. पेट्रोलनं धुतलं सगळं. या, फिरवून पाहा, मंग सोडा.

आरती : फिरवली. सोडली.

सुगत : ऐकलं? खट्. हा आवाज आला पाह्यजे. हा आवाज नाई आला, तं घरातून निंगाचं नाई. आन काका, हा तुमचा तुकडा. फेकू का?

चंद्रभान : मले दे.

आरती : काऊन? आता कोठी लावता?

चंद्रभान : मायी सायकल पंक्चर हाय.

सुगत : घ्या. सोल्युशन हाय का, का माया दुकानातून नेता? मांगची ट्यूब मायीच होती वाटते. दोन दिवस शोधली म्या.

आरती : सव्वादोन झाले. निघतो मी. नका पाहू असं, बाबा. चाळीसनंच जातो. खरंच जातो.

चंद्रभान : चाळीसनं किती वाजता पोचतं?

आरती : सात तं वाजतातच. वर घाट हाय.

चंद्रभान : सातले अंधार होते जंगलात.

आरती : होते.

चंद्रभान : तिकडे फोनही लागत नाई.

आरती : नाई लागत.

चंद्रभान : मंग असं कर. परतवाड्यापर्यंत सपाटी हाय, तेथं साठनं जा.

आरती : आन घाटात?

चंद्रभान : घाट मले माईत नाई. थो तुले समजते.