बटणांच्या अकरा डब्या आधी का पुसल्या, याबाबत

दिनांक २२ एप्रिल १९८६, मंगळवार, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटे. नावाच्या आधी घटनेची ही वेळ लिहावी असे मीच जमादारांना सांगितले. नाव माझे कुठे पळून जात नाही.

सुमन कल्याणप्पा स्वामी, वय ६३ वर्षे, शिक्षण हैदराबाद येथे कॉन्व्हेंटमध्ये, धंदा काही नाही, मुलींच्या सरकारी शाळेतून शिवणाची शिक्षिका म्हणून निवृत्त, राहणार बेंबळी, तालुका व जिल्हा उस्मानाबाद. समक्ष हजर राहून जबाब देते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. मला जुनी बटणे जमवण्याचा चाळीस वर्षांचा छंद आहे. शिंपल्याची, हस्तिदंती, शेरवानीची आणि निजामाच्या फौजेची पितळी बटणे मी अकरा पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यांत मांडून ठेवली आहेत. या डब्या माझा भाऊ सोमलिंग याने हैदराबादच्या कारखान्यात कामाला असताना स्वतःच्या हाताने कापून जोडल्या. तो मागील वर्षी वारला. तशा डब्या आता मिळणार नाहीत.

मालनबाई श्रीपती गायके, वय ५८, माझ्या समोर राहतात. त्या गावच्या महिला दूध सोसायटीच्या अध्यक्ष आहेत. तीन वर्षांपूर्वी आम्ही दोघींनी एकाच पाणाड्याकडून जागा दाखवून घेऊन एकाच आठवड्यात बोअर मारले. त्यांना एकशे दहा फुटांवर पाणी लागले. मला अडीचशे फुटांवर फुफाटा लागला. त्याबद्दल मी कधी तक्रार केलेली नाही. माझ्या डब्या पाहून गेल्यावर मालनबाईंनी सोलापूरहून नऊ डब्या आणवल्या व त्यांत काड्यापेट्यांवरची चित्रे लावली. ही चित्रे एसटी स्टँडवर पडलेली असतात. गोळा करायला फक्त वाकावे लागते.

सोसायटीने छंदांचे प्रदर्शन भरवले. त्यातून एकच संग्रह ३ मे रोजी धाराशिवच्या जिल्हा प्रदर्शनाला जायचा होता व तो निवडायला २४ एप्रिलला समिती येणार होती. सोसायटीचे सचिव बब्रुवान यांनी प्रत्येक डबीच्या झाकणावर क्रमांकाची चिठ्ठी डिंकाने व चिकटपट्टीने लावली. क्रमांक चुकले. चिठ्ठ्या ओढून काढल्यावर कागद निघाला, चिकटा राहिला, आणि टँकरच्या रस्त्याची धूळ त्यावर बसून झाकणे काळी पडली. आतले काही दिसेना. मालनबाईंकडे पाणी असल्याने सगळ्या वीस डब्या साफ करायला त्यांच्या ओसरीवर होत्या.

घटनेच्या वेळी मी ओसरीवर खुर्चीत बसले होते. मालनबाई व त्यांची सून द्वारका हजर होत्या. सोसायटीची पाटी रंगवणाऱ्याने ठेवलेली थिनरची बाटली मालनबाईंनी कोनाड्यातून घेतली. द्वारका म्हणाली, "आत्या, लई उग्र वास येतोय. जरा दमानं घ्या." मालनबाई म्हणाल्या, "गप गं. रंगारी ह्यानंच हात पुसतो, त्याचा हात झडला का?" नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, तुमी थोरल्या. तुमचं आधी करून देते, मग माझं बघू." असे म्हणून त्यांनी माझ्या अकरा डब्या सतरंजीवर ओळीने मांडल्या व चिंधीने सगळ्यांवर एकामागून एक थिनर फिरवले. चिकटा लगेच निघाला. मालनबाई हसल्या. एका मिनिटात झाकणे दुधासारखी पांढरी झाली व त्यांवर बारीक तडे गेले.

मालनबाई खाली बसल्या. द्वारकाने स्वयंपाकघरातून गोडे तेल आणले. तिने सासूच्या एका डबीच्या पाठीमागे कोपऱ्यात तेल लावून पाहिले. काही झाले नाही. मग सगळ्या झाकणांना लावून अर्धा तास ठेवले, अंगठ्याच्या पोटाने चिकटा गोळा केला, नख लावले नाही. मऊ धडप्याने पुसून कोमट पाण्यात साबणाचा फेस करून धुतले व सावलीत वाळवले. नऊ डब्यांना एक तांब्या पाणी लागले. त्या डब्या नव्यासारख्या निघाल्या.

दिनांक २४ रोजी समितीने काड्यापेट्या निवडल्या. माझी बटणे त्यांना दिसली नाहीत.

जमादारांनी विचारल्यावरून सांगते की, तेलाची रीत मला माहीत होती. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी ती आम्हाला शिकवली होती. थिनरने प्लॅस्टिक जाते हेही माहीत होते. माझ्या अंगठ्यात सांधेदुखी असल्याने मी स्वतः ते करू शकत नव्हते.

"मग बाटली उचलली तवा बोलला का न्हाय? तोंडाला कुलूप हुतं का?" असे जमादारांनी विचारले. त्यावरून सांगते की, मालनबाई स्वतःच्या डब्यांपासून सुरुवात करतील अशी माझी समजूत होती. त्यांनी माझ्या डब्या ओढल्या तेव्हा बोलायला वेळ होता. परंतु तेव्हा बोलले असते तर आधी का बोलले नाही, हे द्वारकाने विचारले असते. याहून जास्त मला या मुद्द्यावर सांगायचे नाही.

मालनबाईंनी मुद्दाम नुकसान केले असा माझा संशय आहे. जमादार म्हणतात, थोरल्याचे आधी करणे ही आपल्याकडची रीत आहे, गुन्हा नव्हे. गावही तेच म्हणते. गाव त्यांच्याच बोअरचे पाणी पिते.

घटनेपासून मालनबाई रोज सकाळी घागर घेऊन माझ्या दारात येतात, "बाई, चुकलं माझं," म्हणतात आणि मी दार उघडेपर्यंत उभ्या राहतात. घागर मी घेते, कारण टँकर चार दिवसांनी येतो.

हा मजकूर जमादारांनी मोठ्याने वाचला, नंतर मी चष्मा लावून स्वतः वाचला. मी बोलले तेवढेच यात आहे व ते खरे आहे. सही केली आहे. ता. २५ एप्रिल १९८६.

माझ्या डब्या आधी का घेतल्या, याचे उत्तर मालनबाईंनी स्वतःच्या हस्ताक्षरात, २ मे रोजी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत, म्हणजे काड्यापेट्या धाराशिवला जाण्याच्या आत, ठाण्यात द्यावे. तोंडी दिलेले किंवा घागरीबरोबर आणलेले उत्तर मी स्वीकारणार नाही.