आंबूस वासाचा डबा

इवानित्सा गावाला जाणाऱ्या बसमध्ये हीटर धगधगत होता. स्तामेनाच्या मागच्या सीटवर दोन म्हातारे शिकारी बोलत होते.

"राडेन्को, बंदुकीच्या दारूला आंबूस वास येतो का रे कधी?"

"कुठली दारू?"

"काडतुसं भरायची. आमच्या वडिलांच्या वेळची. तळघरात बॉयलरपाशी ठेवलेली."

"बॉयलरपाशी? व्हुकोटा, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? थंड जागी ठेवतात ती!"

"झाकण आतून गंजलंय. उघडलं तर तांबूस धूर आला."

"अरे देवा! नासली ती. आता काडीसुद्धा लावावी लागणार नाही, आपोआप पेटेल. घरी कोण आहे?"

"घरी कशाला? तुम्हा लोकांना दाखवायला बरोबर आणलाय ना डबा."

"कुठंय?"

"हा काय, पायाशी. हीटरनं चांगलाच तापलाय."

स्तामेना ताडकन उठली. सीट धरत धरत ती ड्रायव्हरपाशी गेली.

"दादा, बस थांबवा."

"इथं स्टॉप नाही, बाई."

"थांबवा हो! मागे बंदुकीच्या दारूचा डबा आहे, पेटेल!"

माणसं कोट न घालताच बर्फात उतरली. सगळ्यात शेवटी व्हुकोटा उतरला. काठोकाठ भरलेलं दुधाचं पातेलं न्यावं तसा डबा धरून तो शेतात चालू लागला.

"ठेव तिथंच आणि पळ!" राडेन्को ओरडला.

"इथं मेंढ्या आहेत रे!" व्हुकोटाचा आवाज रडवेला झाला होता. तरी तो चालतच राहिला, थेट ओढ्यापर्यंत. डबा त्यानं पाण्यात सोडला.

परत आला तेव्हा त्याचे दोन्ही हात अजून तसेच पुढे धरलेले होते.