दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं

—नाही, ही रेकॉर्ड विकायची नाही. भिंतीवर आहे म्हणजे विकायचीच असं कुठंय? भिंतीवर घड्याळही आहे. बरं, रुसू नका, बसा, ऐकून तरी जा—त्या स्टुलावर नको, लंगडं आहे ते, या इकडच्या. कव्हर बघून भुललात ना? बर्फातलं काळं जंगल—सगळे तिथंच फसतात. ब्लॅक मेटल आहे हो हे, तिकडचं आरडाओरड्याचं संगीत, लोक म्हणतात डुक्कर सोलतायत की काय! मीही म्हणायचो. मग एकदा नीट ऐकलं. वर ड्रमचा नुसता कडकडाट, गिटार म्हणजे पत्र्यावर गारा, आणि तो एक इसम गळा फाडून किंचाळतोय—पण खाली, अगदी तळाशी, एक सूर चाललेला असतो. साधा. पाळणा हलवता हलवता आईनं गुणगुणावा इतका साधा. एकदा तो सापडला की सुटका नाही. इथं एक मास्तर ऐकून गेले, तर आठवडाभर वर्गात हजेरी त्याच चालीत घेत होते—हसू नका, शपथेवर सांगतो! बरं, दोन दिवस म्हणा.

आता न विकण्याचं कारण. आमची रीत अशी, की जुनी रेकॉर्ड आली की पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची, कुठं खरखर, कुठं सुई उडते ते चिठ्ठीवर लिहायचं, मगच मांडायची. ऐकणार मी; आतल्या खोलीत खोकी रचणार दादा—माझे भागीदार, बावीस वर्षं. त्यांना हा गोंगाट सोसायचा नाही, म्हणून मी हेडफोन लावायचो. त्या दुपारी ही लावली. दुसरी बाजू, तिसरं गाणं—आणि त्या सुरामागं आणखी एक आवाज आला. लांबून, कोंडल्यासारखा. किंचाळणाऱ्याला कुणीतरी साथ देतंय! अंगावर काटा आला. म्हटलं, वा रे पठ्ठ्या, हा आजवर निसटला कसा? चिठ्ठीवर लिहूनसुद्धा टाकलं, ‘मागे दुसरा आवाज, अप्रतिम’. सुई मागं नेली, परत लावली—आवाज होता, जरा मंद. तिसऱ्यांदा लावली, तर नाहीच. मला वाटलं, सुई गेली. बदलली.

मग आत गेलो नवी चिठ्ठी आणायला. मांडणी भिंतीपासून सुटून आडवी पडलेली. खाली दादा. डॉक्टर म्हणाले, पाव तास आधी काढलं असतं तर.

काय विचारता? सुई उचलली तेव्हा? हो, गाणं थांबलं, अर्थात थांबणारच... आवाज? आवाज चालूच होता की, म्हणून तर मी घाईनं सुई परत—

म्हणजे तसं नव्हे. तुम्ही भलतंच विचारता. हेडफोन होते ना कानावर! वहिनींनाही मी हेच सांगितलं, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. त्यांनी उलट मलाच धीर दिला, ‘भावजी, मनाला लावून घेऊ नका’ म्हणाल्या. दादांच्या जागी आता त्याच खोकी रचतात. आत्ताही आत आहेत, त्या पडद्यापलीकडं, मघापासून धपधप चाललीय ती त्यांचीच—

थांबा. कधी बंद झाली ती?

उठा तुम्ही. नाही, रेकॉर्ड घ्या, न्या, काही देऊ नका, आधी बाहेर पडा. दार ओढून घ्या.

वहिनी?